तिसरं पेर

चैत्र शुद्ध दशमी, रामनवमीचा दुसरा दिवस, साल १९२७. अमळनेरपासून दोन कोसांवर असलेल्या माझ्या सासरच्या घरी त्या सकाळी हजर असलेली माणसं: सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, सासूबाई, म्हणजे अक्का, माझे यजमान, मी, वय बावीस, आणि झोळीत झोपलेला माझा दीड वर्षाचा मुलगा. गैरहजर: ननंद, शिंदखेड्याला सासरी, पहिलटकरीण, आठवा महिना चालू.

ही नोंद माझ्या वहीत अशीच आहे. वही वडिलांनी दिलेली. ते धुळ्याला शाळामास्तर होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मी रडत होते, तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर एक कोरी वही ठेवली आणि म्हणाले, "रडायला वेळ पुष्कळ मिळेल. आधी कामं लिहून काढ." तेव्हापासून मी कामं लिहून काढते. झालेल्या कामावर रेघ मारते, राहिलेलं काम दुसऱ्या पानावर नेते. सासरी याची चेष्टा व्हायची. धुळ्याला तिकडे धुयं म्हणतात, म्हणून माझं नाव पडलं धुयावाली. "धुयावाली लिहीसन शिंकस," म्हणजे शिंकायचं तेसुद्धा आधी लिहून, असं अक्का शेजारणींना सांगायच्या.

त्या दिवशीच्या पानावर तीन कामं होती. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, धाब्यावर वाळत घालणे, तुरीची डाळ भरडणे, आणि शिंदखेड्याला माणूस कधी पाठवायचा ते अक्कांना विचारणे. पहिली दोन उन्हं चढायच्या आत झाली. आमच्या घराला मातीचं सपाट धाबं होतं आणि चैत्रात ते इतकं तापायचं की दुपारपर्यंत बिबड्यांच्या कडा उचलायला लागायच्या. त्या ओल्या पिठाचा, तिळाचा आणि तापलेल्या मातीचा वास मला अजून कधीकधी कारण नसताना येतो.

तिसरं काम अवघड होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आमच्याकडे कुणी मोडत नाही. मुलीला सातव्यात आणायचं, आठव्यात हलवायचं नाही, आणि सातवा हुकलाच तर नववा लागताच आणायचं. अक्कांनी सातवा हुकवला होता. आधी म्हणाल्या, घर सारवायचं आहे. मग म्हणाल्या, गाय विणार आहे. मग म्हणाल्या, ऊन फार. आता उरली होती आखाजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली झाडून सगळी सासुरवाशीण माहेरी येते, कडुनिंबाला झोके बांधले जातात. ननंदेचा नववा त्याच सुमाराला लागत होता. तेव्हा आणलं नाही तर तिचं बाळंतपण तिकडेच, परक्या बायकांच्या हाती, आणि जन्मभराचे टोमणे. दिवस उरले होते तेवीस.

मी विचारायला मागच्या मोरीत गेले, तर अक्का डाव्या पायाचा घोटा घंगाळातल्या पाण्यात बुडवून बसल्या होत्या.

"अक्का, पायाला काय झालं?"

"काही नई. काटा गया व्हई."

"दाखवा, काढते."

"हात नको लावू!"

आवाज त्यांचा नव्हता. माझी सासू अंगणातला विंचू पायातल्या वहाणेने मारून तीच वहाण झटकून पुन्हा घालणारी बाई. मानमोडीच्या साथीत लोक एकमेकांच्या दारातून जात नव्हते तेव्हा त्या पेजेचं भांडं घेऊन घरोघर फिरल्या होत्या, असं आबा सांगायचे. ती बाई माझ्यापुढे पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकली होती.

पण मी पाहिलं होतं. घोट्याच्या वर फुटलेला फोड, आणि त्यातून सुताच्या टोकासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलेलं. नारू.

शहरातल्या मुलांना नारू सांगावा लागतो. आमच्याकडे तेव्हा दर उन्हाळ्यात घरटी एकाला तो व्हायचाच. लोक पायविहिरीत पायऱ्यांनी खाली उतरून, पाण्यात उभं राहून घागर भरायचे आणि तेच पाणी न गाळता प्यायचे. त्या पाण्यातून तो पोटात जायचा आणि वर्षभराने दोन-अडीच हात लांबीचा दोरा होऊन पायातून बाहेर यायचा. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा घ्यावा लागतो. घाई केली तर तुटतो, आत राहिलेला तुकडा सडतो, पाय सुजून खांबासारखा होतो आणि माणूस खाटेला खिळतो.

त्या दुपारी डाळ पाखडताना मी अक्कांबद्दल मला माहीत असलेल्या गोष्टी मनात एकाखाली एक मांडल्या. बांगड्या भरताना त्या कासाराला नेहमी दोन माप मोठ्या मागायच्या. हात दाबून बांगडी चढवू द्यायच्या नाहीत, त्यामुळे पीठ मळताना त्यांच्या बांगड्या बोटांवर यायच्या आणि त्या मनगट झटकून पुन्हा मागे न्यायच्या. हनुवटीवर त्यांच्या गोंदणाचा एकच ठिपका होता. बायका तीन गोंदवतात. एका ठिपक्यानंतर त्या गोंदणारीच्या हातून पळाल्या होत्या, आणि आजेसासूबाईंनी ते मरेपर्यंत सुनावलं होतं. उजवीकडची दाढ किडलेली होती. मी लग्न होऊन आल्यापासून त्या डावीकडनं जेवत होत्या. यातलं एकेक मी रोज पाहत होते, पण सगळं एका जागी कधी ठेवलं नव्हतं. अक्कांना कामाची, माणसांची, सापाची, मरणाचीसुद्धा भीती नव्हती. त्यांना दुखण्याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी आबांनी पिंजारी चाचांना बोलावलं. ते आमच्या गावात कापूस पिंजून गाद्या भरायचे आणि नारूही काढायचे. सुताशी जन्म गेला असल्याने त्यांच्या बोटांना किती ताण सहन होतो आणि कुठे तुटतं, हे कळायचं. सत्तरीचे असतील. खाटेशी उकिडवे बसून त्यांनी कोमट पाण्याने पाय धुतला, कापसाची बारीक वात घेतली आणि म्हणाले, "अक्काबाई, राम म्हना का रहीम म्हना, दोन्ही जागतस. पन पाय हालवू नका."

"चाचा, कापूस पिंजनं वेगळं अन् मानूस पिंजनं वेगळं," अक्का म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते, पण बोलणं शाबूत होतं.

"मानूस सोपा. कापूस उडस, मानूस उडत नई."

आबा हसले. अक्कांनी त्यांना आणि माझ्या यजमानांना बाहेर काढलं. मला म्हणाल्या, "तू ऱ्हाय." त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला आणि खाटेची सुंभाची दोरी दोन्ही हातांनी आवळली. चाचांनी नारूचं टोक वातीत धरलं, काडीला लावलं आणि काडी फिरवली. इतकी हळू की फिरते आहे हेही कळू नये. आपल्या बोटाच्या पेरांनी त्यांनी बाहेर आलेला भाग मोजला. "दोन पेरं. रोज दोन पेरं, तिसरं नई," असं ते मला म्हणाले, कारण मी जवळ वाकून बघत होते. "तिसरं पेर लालच शे, बेटी."

काडी घोट्याला बांधून ते गेले. अक्कांच्या तळव्यांवर दोरीचे वळ उठले होते. पाय मात्र जागचा हलला नव्हता.

"कोनले सांगू नको," अक्का मला म्हणाल्या.

"काय सांगू नको?"

त्यांनी तळवे पदराखाली घेतले.

पुढचे दिवस मी जवळून पाहिले. घराची सावली तुळशीवृंदावनाला टेकली की चाचा यायचे. अक्का सकाळी उठल्यापासून ती सावली पाहायच्या. ती अंगणाच्या मध्यावर आली की त्या ताट बाजूला सारायच्या. कळण्याची भाकरी ताटात तशीच राहायची. आणखी जवळ आली की तळहातांना घाम सुटायचा, त्या ते लुगड्याला पुसत राहायच्या. आणि मग चाचा यायचे, काडी फिरायला लागायची, आणि त्या चक्क शांत व्हायच्या. दुखत होतं तेव्हा त्या ते सोसत होत्या. दुखणार आहे, हे त्यांना सोसत नव्हतं. दिवसातली पाच मिनिटं दुखणं आणि उरलेला सगळा दिवस त्या पाच मिनिटांची वाट.

चौथ्या दिवशी त्यांनी मला पोस्टकार्ड लिहायला बसवलं. घरात आबा आणि यजमानही लिहू शकत होते, पण ते विचारतील हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं ते मी शुद्ध मराठीत उतरवलं: 'माझ्या पायाला नारू झाला आहे, चालता येत नाही. बाळंतिणीचं करणं माझ्याने होणार नाही. तरी मुलीला आखाजीला पाठवू नये. तिकडेच करून घ्यावं.'

"अक्का, चाचा म्हणतात वीस दिवसांत निघेल. आखाजीपर्यंत तुम्ही चालायला लागाल. आणि करायला मी आहे."

"तू लिही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकस्ना पायले नारू शे का मन्हा पायले?"

मी लिहिलं. कार्ड अमळनेरच्या टपालात पडलं. आबांना कळलं तेव्हा ते रागावून दिवसभर शेतावरच थांबले. माझे यजमान आईला टाळून मला म्हणाले, "तू तरी नाही म्हणायचं होतं." मी विचार करत होते तो वेगळाच. अक्का आळशी नव्हत्या, लेकीवर माया कमी नव्हती. ननंद सासरी निघाली त्या दिवशी त्या दोन वेळा जेवल्या नव्हत्या. मग काय अडत होतं, ते मला थोडंथोडं दिसायला लागलं होतं. ज्या बाईला स्वतःच्या पायातून दोन पेरं सूत निघण्याची सावली बघवत नाही, तिला पोटच्या पोरीच्या कळा कशा ऐकवणार? बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीआड बसण्यापेक्षा त्यांना नियम मोडणं सोपं वाटत होतं. माझं पहिलं बाळंतपण धुळ्याला झालं होतं, त्यामुळे ही वेळ त्यांच्यावर आधी आली नव्हती.

आठव्या दिवशी पिंजारी चाचा भाचीच्या लग्नाला धुळ्याला निघाले. जाण्याआधी त्यांनी मला समोर बसवून दोनदा काडी फिरवायला लावली. "हात बरा शे," म्हणाले. "आठ दिवस तू कर. काय सांगेल होतं?"

"दोन पेरं. तिसरं नाही."

"शाबास."

नवव्या दिवशी शिंदखेड्याहून उत्तर आलं. वर व्याह्यांच्या हातच्या चार ओळी: आमच्या घरी जागा पुष्कळ आहे, ज्या घरी लेकीला जागा नाही त्या घराला आम्ही काय सांगावं. खाली उरलेल्या जागेत ननंदेची एक ओळ, मोठ्या वाकड्या अक्षरांत. मीच तिला लग्नाआधी लिहायला शिकवलं होतं. 'वहिनी, आईला सांगा, मी तिला काही करू देणार नाही. नुसती कोपऱ्यात निजेन.'

मी ती ओळ अक्कांना वाचून दाखवली. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटं धरलं, पदराखाली ठेवलं आणि सुपातल्या डाळीतले खडे वेचायला लागल्या. बराच वेळ वेचत होत्या. त्या डाळीत खडे नव्हते, ती मी आदल्या दिवशीच निवडली होती.

त्या दिवशी वहीत मी हिशेब मांडला. नारू अजून निम्मासुद्धा आलेला नव्हता. आखाजी चौदा दिवसांवर. रोज दोन पेरांनी निघाला तर आखाजीच्या आदल्या दिवशी निघेल, म्हणजे शिंदखेड्याला मुऱ्हाळी, लेकीला आणणारा माणूस, पाठवायला उशीर. रोज तीन पेरांनी निघाला तर चार-पाच दिवस हाती राहतील. मग अक्कांचं पायाचं कारण संपेल, आणि त्यांना नाही म्हणायला काही उरणार नाही. माझं गणित बरोबर होतं. गणितात नारू दोऱ्यासारखाच होता.

दहाव्या दिवशी दोन पेरंच घेतली, धीर झाला नाही. अकराव्या दिवशी सावली तुळशीला टेकली, अक्कांनी पदर दातांत धरला, मी काडी फिरवली. एक पेर. दोन पेरं. सहज येत होता. मी अक्कांकडे पाहिलं, त्या डोळे मिटून होत्या. मी आणखी फिरवली. तिसऱ्या पेराच्या मध्यावर काडी एकदम हलकी झाली.

अक्कांचा पाय हलला नव्हता. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. तो खाटेवर जसा ठेवला होता तसा होता, बोटंसुद्धा आवळलेली नव्हती.

"झायं?" त्यांनी विचारलं.

"तुटला," मी म्हणाले.

आबा दारातून आत आले. "कसा तुटना?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता, "हिनीच पाय झटका व्हई. माले माहीत व्हतं. हिले कधी सोसनं का?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. त्यांनी आधी म्हटलं, "मीच हालनू वाटतं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. जन्मभर स्वतःच्या अंगावर विश्वास नसलेल्या माणसाला, आपणच हललो असू, हे पटायला वेळ लागत नाही. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. गुंडाळलेला तुकडा मी काडीसकट चुलीत टाकला.

संध्याकाळपर्यंत घोटा सुजला, दुसऱ्या दिवशी पोटरी, तिसऱ्या दिवशी गुडघा. ताप चढला. आता सावलीची वाट बघायची गरज नव्हती, दुखणं दिवसभर होतं. आणि अक्का ओरडल्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाहेर कुणी भांडतंय. मग कळलं. त्या ओरडल्या त्या अशा, की विहिरीवरच्या बायका घागरी तिथेच ठेवून धावत आल्या. "मरनू व माय! पाय तोडा! कोनी तोडी टाका हाऊ पाय!" मी एरंडाची पानं गरम करून बांधत होते, गव्हाच्या पिठाचं पोटीस बदलत होते, आणि त्या माझ्या दंडाला नखं लावून ओरडत होत्या. आबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. माझे यजमान अमळनेरला डॉक्टरकडे गेले, औषधाची बाटली घेऊन आले. अक्कांनी ते औषध दोन वेळा घेतलं आणि बाटली भिंतीवर मारली.

दारात गल्ली जमलेली होती. शेजारच्या काकूंच्या सुनेला अक्कांनी एकदा तिच्या बाळंतपणात खडसावलं होतं, ते काकू विसरल्या नव्हत्या. त्या डोक्याशी बसून पंख्याने वारा घालत म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मन्ही सुनले काय सांगे? बाईना आवाज उंबराबाहेर जावाले नको!"

"तव्हय मन्हा पाय दुखत नव्हता, भवाने!" अक्का किंचाळल्या.

दारातल्या सगळ्या बायका हसल्या. अक्कांनाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर कळेने मोडलं आणि त्या पुन्हा ओरडल्या. मला त्या गर्दीची, त्या पंख्याच्या वाऱ्याची, बाहेर ओसरीवर कुणीतरी सगळ्यांसाठी गुळाचा चहा करत होतं त्याची आठवण अजून ताजी आहे. इतकी माणसं आता कुणाच्या पायासाठी जमत नाहीत. मी मात्र त्या सगळ्यांत पोटीस बदलणारी गुणी सून होते, आणि बायका मला म्हणत होत्या, "धुयावाली किती करस व!"

पाचव्या दिवशी सूज आपणहून फुटली. आत उरलेला नारू तुकड्यातुकड्याने बाहेर आला. चाचा परतले होते. त्यांनी पाय पाहिला, काडी मागितली. मी म्हणाले, चुलीत टाकली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. अक्कांना म्हणाले, "आते उतार पडी."

ताप उतरला त्या सकाळी अक्कांनी मला बोलावलं. आवाज बसला होता. अंगणात कुणीतरी झोक्यासाठी दोर भिजत घातला होता, आखाजी चार दिवसांवर आली होती.

"मुऱ्हाळी धाड," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"शिंदखेडाले, आखो कोठे! लई ये तिले."

"तुमचा पाय?"

"पाय पडी ऱ्हाई खाटवर. मन्ही बोंब बठ्ठा गावनी ऐकी. ती बी ऐकी ली. आते काय लपाडनं?"

मी तिथेच बसले. इतके दिवस मी समजत होते की त्यांना लेकीच्या कळा बघवणार नाहीत, म्हणून त्या नको म्हणतात. ते खरं होतंच. पण त्याच्या खाली आणखी एक होतं: कळा ऐकताना स्वतः कोलमडू आणि चारचौघींत ते दिसेल. ते आता दिसून गेलं होतं. भीती तेवढीच होती, लाज गेली होती. आणि ती गेली माझ्या तिसऱ्या पेराने. मी मागितलं ते मला मिळालं होतं, फक्त माझ्या गणिताने नव्हे.

माझे यजमान गेले आणि आखाजीच्या आदल्या दिवशी बहिणीला घेऊन आले. बैलगाडीतून उतरताना ती आधी आईच्या पायाकडे पाहायला गेली. अक्कांनी तिला जवळ ओढलं, तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "कोपरामा काबरं निजशी? ही खाट तुन्ही शे, मी खाले निजसू." नंतर त्या दोघी खाटेवर आणि झोक्यावर नुसत्या बसून असायच्या, कारण एकीला चालता येत नव्हतं आणि दुसरीला वाकता येत नव्हतं.

बाळंतपण ज्येष्ठात झालं. अक्का आत आल्या. दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या. कापसाचा उपयोग झाला नाही. ननंद एकदा ओरडली की अक्का दोनदा ओरडायच्या. शेवटी सुईण वैतागून मागे वळली. "अक्का, बाळंतीन कोन शे? एक सांगा, म्हनजे मी तिकडे बसस!"

ननंद त्या कळांतही हसली. मुलगी झाली. आबांनी गूळ वाटला.

अक्का त्यानंतर सोळा वर्षं जगल्या. त्यांची भीती कमी झाली असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. बांगड्या सैलच राहिल्या, दाढ तशीच किडत गेली, आणि गावात देवी टोचणारा आला की त्या दोन दिवस शेतावर जायच्या. डाव्या पायात एक लचक कायमची राहिली. उंबरा ओलांडताना त्या आधी हात चौकटीला लावायच्या. घरात एक म्हणच पडली. कुणी इंजेक्शनला रडलं, काटा काढताना ओढलं, की आबा, मग माझे यजमान, मग मुलं म्हणायची: अक्कासारखा पाय नको झटकू. अक्का स्वतःही हसायच्या. मी हसायचे नाही, पण कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण मी एरवीही कमी हसते.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघी दुपारच्या वेळी कापसाच्या सरक्या वेचत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "तिले एक सांगजो."

"कोणाला?"

"शिंदखेडावालीले. ते कार्ड. मी लिखाले लावं ना, ते पायमुये नव्हतं. मी भ्यायनू व्हती. तिले वाटस, मायले ती नको व्हती."

"तुम्हीच सांगा ना. आखाजीला येईलच ती."

"माले नई जमनार. तू लिही. तुले लिहता येस."

मी म्हणाले, लिहीन. मग म्हणाले, "अक्का, तो नारू..." त्यांनी मान वर केली. त्याच वेळी दारात कोणी दूध मागायला आलं, त्या चौकटीला हात लावून उठल्या आणि मी सरक्या वेचत राहिले. दूध देऊन त्या परत आल्या तेव्हाही मला बोलता आलं असतं.

त्या गेल्या त्याला आता चार वर्षं होतील. ननंद दर आखाजीला येते. तिची ती मुलगी आता लग्नाची झाली. येते तेव्हा ननंद कधीतरी, भाकरी भाजताना किंवा अंथरूण घालताना, हसत म्हणतेच: "मला तर आईने कार्ड धाडलं होतं हो वहिनी, येऊ नको म्हणून. तुमच्याच अक्षरातलं." आणि दर वेळी मी म्हणते, "तिचा पाय फार दुखत होता." हे खोटं आहे. कार्ड लिहिलं तेव्हा पाय फारसा दुखतच नव्हता.

तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आई तुला नको म्हणत नव्हती, तुझ्या दुखण्याला भीत होती. आणि आईने पाय झटकला नव्हता, मी घाई केली. पहिली सांगायची तर दुसरी सांगावी लागते, कारण ती विचारेल की मग आईने आखाजीला बोलावलं कसं, आणि ते सांगताना तिसऱ्या पेरापाशी यावंच लागतं. मी दोन वेळा पोस्टकार्ड आणलं. एकदा पत्ता घालून ठेवलं आणि तेच पुढे बियाण्याची मागणी लिहायला वापरलं. एकदा अर्ध्यावर आले, पण पोस्टकार्डात एवढं मावत नाही, आणि वाटेत चार माणसं वाचतात. पाकीट आणायला हवं. शिंदखेड्याला जाऊन तोंडाने सांगितलं तर उत्तम, गाडीने सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं.

चालू वहीच्या पानावर आज पाच कामं आहेत. हरभऱ्याची डाळ, धाकट्याच्या शाळेची फी, धाब्याची गळती, गोधडीला अस्तर. या चारांवर रविवारपर्यंत रेघ येईल. पाचवं, 'शिंदखेड्याला सांगणे', मी मागच्या पानावरून उतरवून घेतलं आहे.